मानेचं लाकूड

पुण्याहून आणलेल्या गिटारची मान
जालन्यातल्या पहिल्याच एप्रिलात वाकली.
मेपल. गोरं, गुळगुळीत, थंड देशातलं.
त्रेचाळीस अंशांत ते आतून आकसलं
आणि फ्रेटांची टोकं कडेनं बाहेर आली
मांजराच्या नखांसारखी.
बाराव्या घरातून खाली घसरत आलो
की बोटाच्या कडेवर बारीक लाल रेघ.

म्हणून कादराबादेत, गयास मिस्त्रींकडे.
हार्मोनियमचे भाते, कॅरमच्या कडा,
पाळण्याचा निखळलेला दांडा,
सगळं येतं तिथं. गिटार पहिल्यांदाच.
"सतारीचे पडदे सरकतात, बेटा.
बिघडलं तर दोरा ढिला करू, हलवू.
तुझे हे ठोकायचे. ठोकले की ठोकले.
सोचून ये."

मी सोचूनच आलो होतो,
खिशात आठ महिन्यांचा ओव्हरटाइम होता.

शिसवाची फळी त्यांनी उचलूही दिली नाही:
हे जड, तू हात सोडलास की मान जमिनीकडं जाईल.
बाभळीवर नुसतं हसले.
मग मागच्या अंधारातून ओढत काढली
बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडची कडी.
सागवान. भेगेत अजून सरकीचा
एक पिवळा पडलेला केस.
"साठ उन्हाळे खाल्लेत हिनं. आता कामून वाकंल?"

एका टोकाला माझा कान,
दुसऱ्या टोकाला त्यांनी नखानं टिचकी मारली,
आणि मधलं सात फूट लाकूड
जणू नव्हतंच.

तारेवरून मात्र जुंपली.
जर्मन सिल्व्हर घे, म्हणाले, नरम आहे, ऐकतं.
मी म्हणालो, माझ्या घामानं हिरवं पडतं ते,
दोन वर्षांत खड्डे पडतात. स्टीलच.
"स्टील माझ्या कानशी खाईल!"
कानशींचे पैसे मी देतो.
"आणि माझ्या मनगटाचे?"
ह्यावर मी चहा सांगितला.
स्टील मी रोज बघतो,
लालभडक, वळवळत, रोलरमधून सुटलेलं,
त्याच्याशी काय बोलायचं हे मला ठाऊक आहे
असं मला वाटत होतं.

चहा संपला. त्यांनी कुऱ्हाडीचा एक दांडा पुढं केला.
"धर. वाजवतोस तसा."
मी धरला. ते खाली वाकून
माझ्या डाव्या हाताकडं बघत राहिले,
अनामिकेकडं, जी एका पेरानं कमी आहे.
कधी, कुठं, कोणत्या मशीनवर,
काही विचारलं नाही.
पेन्सिल ओली केली जिभेवर,
दांड्यावर दोन खुणा केल्या, रंधा फिरवला,
पुन्हा धर म्हणाले, पुन्हा फिरवला.
चौथ्यांदा माझा अंगठा
आपोआप जाऊन बसला जिथं बसायचा तिथं.
"स्टील, ठीक," ते म्हणाले. "पण उंच पट्टी घेऊ.
थोडं दाबलं तरी बोलंल."

मानेच्या पोटात घालायची सळई मी आणली,
आमच्याच गिरणीतली, सहा एमेम,
टोकाला आटे पाडून.
मग दीड महिना नुसता भागाकार:
उरलेली लांबी, तिचा अठरावा हिस्सा, किंचित जास्त,
पुन्हा उरलेली, पुन्हा.
मिस्त्री पाटीवर खडूनं करायचे, मी मोबाइलवर,
आणि केसाएवढा फरक आला
की दोघंही दुसऱ्याचं तपासायचो.

एक गोष्ट राहिली.
कडीत जुन्या खिळ्याचं भोक होतं,
ते नेमकं सहाव्या घरात आलं.
खूण असते पाचव्यात, सातव्यात. सहाव्यात कुणी करत नाही.
बुजवून वर लाकडाचाच रंग देऊ का, त्यांनी विचारलं.
मी म्हणालो शिसवाचा ठिपका भरा, दिसू द्या.
"वाजवणारा चुकंल की."
दुसरा चुकेल, मिस्त्री.